बगळा छाप

आमचे घरमालक, म्हणजे मास्तर, पावशेर साखर आणायला अर्धं लातूर ओलांडून जायचे. गल्लीच्या तोंडाशीच किराणा दुकान होतं. दुकानदार सज्जन होता, वजनाला चोख होता, बोलायला गोड होता. पण त्याच्या बोर्डावरच्या नंदीला तीनच पाय होते. पेंटरला जागा पुरली नव्हती म्हणून चौथा राहून गेला होता. मास्तरांनी त्याला पुष्कळ समजावलं. दुकानदार म्हणायचा, चौथा पाय मागं हाय, तुमाला दिसत न्हाई इतकंच. तेव्हापासून मास्तर पिशवी घेऊन गंजगोलाईच्या बाजारापलीकडे जात आणि परत आल्यावर ओट्यावर धापा टाकत बसून त्या दुकानदाराचा उद्धार करत.

मास्तर म्हणजे चित्रकलेचे शिक्षक. आम्ही त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेलो तेव्हा निवृत्त झालेले होते. बुटके, धोतर नेसणारे, वर काळा कोट. कोटाच्या खिशात कायम कोळशाचा तुकडा असायचा. कोट काळा असल्यामुळे खिशाची अवस्था कुणाला कळत नसे, पण रुमाल बाहेर काढला की सगळं कळायचं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. एकुलती एक लेक नांदेडला दिलेली. ती बिचारी, बाबा इकडंच राहा, म्हणून मागे लागायची. मास्तर हौसेनं जायचे आणि आठवडा भरायच्या आत परत यायचे. का आलात म्हणून विचारलं, की सांगायचे, नांदेडच्या बोर्डांवर अक्षरं फार, डोळे दुखतात.

रस्त्यानं ते वर बघत चालत. समोर बघणं त्यांच्या गावीही नव्हतं. गोलाईतले सायकलवाले त्यांना ओळखून होते, लांबूनच घंटी वाजवत. गाईंना मात्र घंटी नसते, त्यामुळे गाईंना ते अधूनमधून धडकत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, बोर्ड राहायचे. कापडवाल्याला ते 'मोर' म्हणत, सोनाराला 'घुंगरू' म्हणत, आणि एका फार मोठ्या अडत्याला, ज्याच्यासमोर बाजारातले लोक उठून उभे राहत, त्याला ते त्याच्या पोत्यांवरच्या छापावरून तोंडावर 'भोपळा' म्हणत. भोपळ्याला राग यायचा. पण मास्तरांनी त्याला शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे तो गप्प बसायचा.

हे वेड त्यांना किनवटकडच्या नोकरीत लागलं. तिथल्या एका वसतिशाळेत ते सुरुवातीची काही वर्षं होते. मुलांची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटं सगळी एकसारखी, रोज भांडणं. पोरांना अजून लिहिता येत नव्हतं. मग पोरांनीच खिळ्यानं ताटांवर खुणा कोरल्या. कुणी मासा कोरला, कुणी झाडाचं पान, कुणी नुसत्या दोन रेघा. भांडणं थांबली. मास्तर म्हणायचे, की मी नागपूरच्या परीक्षेला जे शिकलो नाही ते त्या ताटांवर शिकलो. पुढे हेच त्यांचं पालुपद झालं. दुकान पानाचं असो की सोन्याचं, ते मालकाला गाठून सांगायचे, "अक्षर हे शिकलेल्या माणसाचं. खूण सगळ्यांची. तुमचं गिऱ्हाईक नाव विसरंल, बघितलेलं विसरायचं न्हाई." मालक मान डोलवायचा आणि गणपती नाहीतर नंदी काढून घ्यायचा.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तर मास्तरांना काय करू आणि काय नको असं झालं. गावभर पेढे वाटले जात होते, भाषणं होत होती. मास्तरांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की आता गावातला प्रत्येक बोर्ड बदलणार. प्रत्येक बोर्डाच्या खाली 'जि. उस्मानाबाद' असं लिहिलेलं होतं, ते पुसून 'जि. लातूर' करायचं होतं. मास्तर दुकानोदुकानी फिरले. आता बोर्ड रंगवताच आहात तर एक चांगली खूण करून घ्या, मी फुकट काढून देतो, असं सांगत सुटले. लोकांनी ऐकून घेतलं आणि स्वस्तातला पेंटर बोलावला. त्या पेंटरनं फक्त 'उस्मानाबाद' खरवडलं आणि तिथं 'लातूर' लिहिलं. आता उस्मानाबाद हे लांबलचक नाव, लातूर आटोपशीर. त्यामुळे सगळ्या गावाच्या बोर्डांवर उजव्या कोपऱ्यात एक रिकामी जागा राहिली. ती बरी दिसेना. मग तिथं काय काढायचं, तर नंदी. आमच्या भागात व्यापारी सगळे महादेवाचे भक्त, त्यामुळे नंदीला कुणाची हरकत नव्हती. बघता बघता गोलाईभर नंदीच नंदी बसले. मास्तर आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "गाव हाय का गोठा हाय, कळंना झालंय."

त्यांचं सगळं बरोबरच असायचं असं मात्र नाही. ते त्यांनी कधी कबूल केलं नाही, म्हणून मला सांगायला पाहिजे. बसस्टँडजवळच्या एका शिंप्याला त्यांनी एकदा पटवलं. बोर्डावर नावबीव काही नको, नुसती एक मोठी सुई काढा, म्हणाले. स्वतः शिडीवर चढून काढली. सुंदर सुई होती, हातभर लांब, वर दोऱ्याचा एक वेढा. दुसऱ्या दिवसापासून औशाकडून येणारे पेशंट त्या शिंप्याच्या पायरीवर येऊन बसायला लागले. एक म्हातारी तर बाही वर करूनच आत गेली. शिंप्यानं महिनाभर सोसलं आणि सुईवर चुना फासला. मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, लोकांची नजर कच्ची आहे.

आणि त्यांच्या स्वतःच्या दारावर काहीच नव्हतं. नाव नाही, नंबर नाही, खूण तर नाहीच. पोस्टमन रोज चिडायचा. जवळ जाऊन पाहिलं की दारावर रंगाचे थर दिसत, एकावर एक, खरवडलेले. आयुष्यभर ते स्वतःसाठी खूण शोधत होते. सकाळी काढायचे, संध्याकाळी खरवडायचे. दुसऱ्याची खूण त्यांना माणूस बघताक्षणी सुचायची, स्वतःची काही सापडली नाही.

मग दुष्काळ पडला. तसा तो आमच्याकडे नवा पाहुणा नव्हता, पण या वेळी मुक्काम लांबला. नळ कोरडे पडले, गल्लीत टँकर यायला लागला. टँकर कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसे. म्हणून बायका सकाळीच आपापल्या घागरी, कळशा रांगेत मांडून ठेवत आणि घरी कामाला जात. घागरच आपल्या जागी रांगेत उभी राहायची. पण घागरी सगळ्या सारख्या. टँकर आला की कुणाची कुठली यावरून जी जुंपायची, तिच्यात पाण्यापेक्षा अश्रू जास्त सांडत. तेव्हा मास्तर उरलासुरला ऑइल पेंट आणि एक बारीक ब्रश घेऊन ओट्यावर बसले आणि गल्लीतल्या प्रत्येक घागरीवर त्यांनी एकेक खूण काढून दिली. लांबून दिसेल, ओली असली तरी दिसेल, लहान पोराला पाठवलं तरी त्याला सापडेल अशी.

भांडणं थांबली. म्हणजे, घागरीवरून व्हायची ती थांबली. खुणांवरून व्हायची ती सुरू झाली. कारण मास्तरांनी कुणाला विचारलं नव्हतं. कचेरीत कारकून असलेल्या शेजाऱ्यांच्या कळशीवर त्यांनी कासव काढलं होतं. सतत कुणाच्या ना कुणाच्या मागे लागणाऱ्या एका बाईंना करवत दिली होती. मास्तरांचं आमच्याबद्दलचं मत रोज टँकरच्या वाटेवर ओळीनं मांडून ठेवलेलं असायचं. माझ्या घागरीवर बगळा होता.

मला फार राग आला. बगळा म्हणजे ढोंगी, डोळे मिटून उभा राहणारा, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. मी राख लावून घासघास घासला. निघाला नाही. रंग मात्र चांगला होता. शेवटी मी जाऊन जाब विचारला. मास्तर म्हणाले, "सूनबाई, रागावू नका. टँकरची वाट बघताना तुमी एक पाय भिताडाला लावून एका पायावर उभ्या राहता. लांबून बघा कवा तरी. दुसरी कुणी अशी उभी राहत न्हाई. म्हणून ते." मग त्यांनी कोळशानं जमिनीवर काढून दाखवलं. आपला दोनाचा आकडा असतो ना, तसा. वर एक चोच, खाली एक सरळ रेघ, झालं. मला ते आवडलं, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

आता आमचं सांगते. आमचे हे डाळ मिलमध्ये कामाला होते. तूरच आली नाही, तेव्हा मिल बंद पडली. अहमदपूरजवळच्या गावाहून माझ्या मोठ्या दिरांचा निरोप आला. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. पोरांच्या परीक्षा झाल्या की बिऱ्हाड उचला आणि गावी या, तिथं काय असेल ते सगळे मिळून खाऊ, असा निरोप होता. त्यात वाईट काहीच नव्हतं. दादा मायेचेच. पण गावात शाळा चौथीपर्यंत होती आणि माझी थोरली पाचवीत गेली होती. एकदा गेलो की लातूरला परत यायचं होत नाही, हे मी माझ्या माहेरी बघितलं होतं. मला जायचं नव्हतं. आणि राहायचं तर चूल माझ्याच जिवावर पेटायला हवी होती.

मला एकच गोष्ट चांगली यायची, येसूर. आमच्याकडे ते घरोघरी करतात. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजायची, धने, खोबरं, मसाला भाजायचा, सगळं दळून ठेवायचं. लसणाची फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात ते पीठ सोडलं की भाजीवाचून आमटी होते. मी म्हटलं, हे विकावं. गल्लीतल्या बायका हसल्या. येसूर कुणी विकत घेतं का? पण त्या वर्षी भाजी नव्हती, आणि घरात भाजून ठेवायला धान्यही फारसं कुणाकडे नव्हतं. शिवाय नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत बदलून आलेले एकटे-दुकटे लोक खोल्या घेऊन राहत होते. त्यांना आयतं हवंच होतं. ह्यांनी एकच अट घातली, की दादांना कळता कामा नये. घरची सून पीठ विकते हे त्यांना खपणार नाही. ह्यांनी गावी सांगितलं, ती शिवणकाम करते.

मी मास्तरांना विचारलं नाही. शिंप्याची सुई माझ्या डोळ्यांसमोर होती. हे छापखान्यात गेले. छापखानेवाल्याकडे लग्नपत्रिकांसाठी केलेला नंदीचा तयार ठसा होता, तो त्यानं फुकट वापरू दिला. कागदी पाकिटावर मधोमध नंदी, सभोवती वेलबुट्टी. मास्तरांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "मुहूर्त कवाचा हाय?"

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पण पाकिटं दुकानांत गेली आणि तिथं भलतंच व्हायला लागलं. एक दुकानदार फार भाविक होता. त्यानं नंदीचं पाकीट खाली ठेवायचं नाही म्हणून सगळी पाकिटं देवाच्या फोटोपाशी वर ठेवली आणि रोज उदबत्ती ओवाळायला लागला. गिऱ्हाइकाला वाटायचं प्रसाद आहे. कुणी मागेना. दुसरं म्हणजे, आमच्याकडे मटणाच्या रश्श्याला येसूर लागतंच. आता नंदीचं पाकीट मटणाच्या पातेल्यावर कोण धरणार? एका खानावळवाल्यानं ह्यांना चक्क हात जोडले. म्हणाला, माल चांगला हाय हो, पण हात कापतो.

तिसरी गोष्ट तर कुणाच्या स्वप्नातही आली नसती. ज्यांनी पाकिटं नेली, त्यांच्याकडे ती रिकामी झाली. आता देवाचा कागद कचऱ्यात कसा टाकायचा? चुलीत तर घालायचाच नाही. नदीत सोडायचा. पण मांजरेला पाणी कुठं होतं? नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. मग बायकांनी काय करावं, तर रिकामी पाकिटं जपून ठेवली आणि माझ्याकडे आणून दिली. एक म्हातारी चांगली लांबून चालत आली, पदरात पाकिटं बांधून. म्हणाली, "तुमीच केलं, तुमीच सांभाळा बाई. मला पाप नको." असं एकेक करता घरात रिकाम्या नंदींची गाठोडी जमली. भरलेली विकली जात नव्हती, रिकामी परत येत होती. आम्ही रात्री झोपायला पाय पसरायचे म्हटलं तरी नंदीला लागेल म्हणून आखडून घ्यायचो.

मास्तर ओट्यावरून सगळं बघत होते. हसत नव्हते, पण न हसायला त्यांना किती त्रास होत होता ते दिसत होतं. परीक्षा तोंडावर आल्या. गावाहून दादांचा पुन्हा निरोप आला, की परीक्षा संपल्या की मी स्वतःच न्यायला येतो. त्या दिवशी मी जाऊन मास्तरांच्या समोर बसले. म्हटलं, मला गावी जायचं नाही. तुम्ही सांगाल ते पाकिटावर काढते. मास्तर म्हणाले, "मी काय सांगू? तुमच्या घागरीवर हाय की. अख्ख्या गल्लीला पाठ हाय."

मी म्हटलं, खायच्या जिनसेवर बगळा कुठं असतो का? ते म्हणाले, कुठंच नसतो, म्हणूनच काढायचा. देव नको, दागिने नकोत, वेलबुट्टी नको. टाकताना पाप लागू नये, पायाखाली आला तरी कुणाचं मन दुखू नये. शाकाहाऱ्यानंही घ्यावा, मटणवाल्यानंही घ्यावा. आणि ज्याला वाचता येत नाही त्या बाईनं दुकानात येऊन बोटानं दाखवावा. इतकं बोलून त्यांनी आंब्याच्या लाकडाचा एक तुकडा घेतला आणि कोरायला बसले. चार-पाच ठसे त्यांनी कोरून टाकून दिले. एका ठशात बगळा लठ्ठ झाला होता, एकात चोच फार शहाणी दिसत होती. मला तर सगळे सारखेच वाटत होते. शेवटचा बरा जमला तेव्हा म्हणाले, हा भुकेला दिसतोय, हाच असू दे. आम्ही साध्या खाकी पाकिटांवर काळ्या शाईनं तो ठसा मारायला लागलो.

ते पाकीट घेऊन मास्तर माझ्याबरोबर तीन पायांच्या नंदीच्या दुकानात आले. त्या पायरीवर ते कित्येक वर्षांनी चढले होते. कपाळावर ठसठशीत भस्म लावलेल्या दुकानदारानं पाकीट बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, बगळा मासे खातो मास्तर. आमच्या दुकानात मासेखाऊ ठेवायचा म्हणजे कसं? मी मनातल्या मनात बिऱ्हाड बांधायला घेतलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "औंदा पाणी कुठं हाय? मासे कुठून आणायचे त्यानं? उपाशी हाय बिचारा." दुकानदार हसला आणि हसला म्हणून पाकिटं ठेवून घ्यावी लागली.

पुढचं काम टँकरनं केलं. रांगेतल्या बायकांना बगळा माझा हे माहीतच होतं. त्या आपापल्या दुकानांत जाऊन बगळ्याचं येसूर द्या म्हणायला लागल्या. दुकानदार बाजारात जाऊन बगळा आहे का विचारायला लागले. खानावळवाल्याचे हात कापायचे थांबले. कुणी रिकामं पाकीट परत आणलं नाही, त्याचा मला झाला तेवढा आनंद विकलेल्या पाकिटाचाही झाला नाही. नंदींची गाठोडी पुढच्या पावसाळ्यात नदीला पाणी आल्यावर आम्ही वाजतगाजत नाही, पण मनापासून सोडून आलो. मास्तरांनी तर गावात ऊत आणला. भेटेल त्याला थांबवून सांगायचे, तो बगळा माझा. चहाच्या हॉटेलात सांगितलं, बसस्टँडवर सांगितलं, एकदा मयताला गेले होते तिथंही सांगितलं. येसूर मी करते हे सांगायचं ते विसरायचे.

पण खप वाढला तरी दादांचं येणं टळलं नव्हतं. ह्यांना भावासमोर बोलायची हिंमत होत नव्हती, आणि मी तर दादांसमोर कधी बोललेच नव्हते. आमच्याकडे सून मोठ्या दिरासमोर पदर घेऊन दाराआड उभी राहते. काय सांगायचं ते नवऱ्याला सांगते, नाहीतर मुलांकरवी सांगते. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती आणि दादांना माझा आवाज कसा आहे हे बहुधा माहीत नव्हतं.

परीक्षा संपल्या आणि दादा आले. भर दुपारी, उन्हातून, खांद्यावर बिऱ्हाड बांधायला आणलेल्या दोरांचं भेंडोळं. अंगणात खाटेवर बसले. मास्तर त्यांच्या खुर्चीत होते. पाणी झालं, पोरांची विचारपूस झाली. सामान किती निघेल हेही दादांनी विचारलं. हे खाली बघत होते. मी दाराआड. मग दादांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या धाकट्या पोराच्या हातात एक पुडकं दिलं.

"आईला दे. औंदा भाजी न्हाई कुठं. अहमदपूरला बाजारात येसूर मिळायलंय, लई चांगलं हाय. तुझ्या मोठ्या आईनं तर घरी करायचंच सोडलं. मला वाचता येत न्हाई, पर मी बगळा बघूनच घेतो. दुसरं दिलं तर घरात बायका परत पाठवत्यात."

धाकट्यानं पुडकं माझ्या हातात आणून दिलं. माझंच पाकीट. अहमदपूरला आपला माल जातो हेही मला ठाऊक नव्हतं. कुणी व्यापारी लातूरहून नेत असेल.

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. आता हे सुरू करणार, किनवटच्या ताटांपासून सुरू करणार आणि दादांना रात्रीपर्यंत उठू देणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसलं. बगळ्याचं नाव ऐकून ते गप्प बसल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी दादांकडे बघितलं, ह्यांच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं, मग दाराकडे, माझ्याकडे. आणि तोंड मिटलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

मी पदर नीट केला, बाहेर आले आणि पाकीट खाटेवर दादांपुढे ठेवलं.

"दादा, हे येसूर मी करते. ह्याच घरात. मला गावी यायचं न्हाई."

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही, बघायची रीत नव्हती. त्यांनी ह्यांच्याकडे बघून, शिवणकाम म्हनला हुतास ना रे, एवढंच विचारलं. दादा पाकिटावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, दुकानदाराला मी विचारलं हुतं, कुठल्या घरची बाई करती म्हणून. त्यालाबी ठाव नव्हतं. हुशार आसंल म्हनलं. जेवताना दादांनी आमटी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एकटेच परत निघाले. बिऱ्हाडासाठी आणलेल्या दोरानं त्यांनी स्वतःच्या हातानं पाकिटांचं खोकं बांधलं, गावच्या बाजारात द्यायला म्हणून, आणि हे ते एसटीच्या टपावर चढवायला गेले. निघताना दादा उंबऱ्यापाशी थांबले. दाराकडे पाठ करून, पण मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, अजून थोडं तिखट चालंल सूनबाई, आपल्याकडचे लोक तिखट खात्यात.

ते गेल्यावर मी मास्तरांना विचारलं, की काल तुम्ही गप्प का बसलात? सगळ्या लातूरला सांगत फिरता, बगळा माझा, बगळा माझा. आणि सांगायची वेळ आली तेव्हा चष्मा पुसत बसलात.

मास्तर कोटाच्या खिशातला कोळसा चाचपत होते. म्हणाले, "काढायला मी काढली. पर खूण कुणाची हाय, ते मालकानंच सांगावं लागतं."

त्या घरात मालक म्हणजे तोवर ते एकटेच होते. मी आत गेले आणि पुढच्या घाण्यासाठी मिरच्या जरा जास्त मोजून घेतल्या.